न झालेल्या सामन्यांचे विजेते

मुंबईच्या कॉलेज फुटबॉलवर वाद घालायला वडाळ्यात माणूस शोधावा लागत नाही. सामना मात्र शोधावा लागतो.

कॉलेजांचे सामने लागले, की वडाळा रोड स्टेशनबाहेरच्या टपरीवर तट पडतात. एक म्हणतो, "ठाण्याच्या विभागात आहे कोण? आपली पोरं तिकडून खेळली असती तर डोळे मिटून फायनल." दुसऱ्याचा भाचा डोंबिवलीच्या कॉलेजात. तो उसळतो, "दादर-माटुंग्याच्या पलीकडे कधी खेळलात का रे?" तिसरा मूळचा चिपळूणचा. त्याच्या मते खरा फुटबॉल कोकणातच, कारण तिथली पोरं चिखलात खेळतात आणि इथली टर्फवर लाड करून घेतात. मग कुणीतरी ठेवणीतलं अस्त्र काढतो, "आम्ही ज्यांना हरवलं, त्यांनीच गेल्या वर्षी तुमच्यांना हरवलं होतं!" चहा संपतो, वाद संपत नाही. तो मिटवू शकेल अशी एकच गोष्ट म्हणजे सामना, आणि तो कुणी ठेवलेलाच नसतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. त्याचा पसारा मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असा सात जिल्ह्यांचा. वडाळ्याच्या पोरांना सावंतवाडीच्या पोरांशी खेळायचं, तर दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडावी लागेल. तेव्हा कॉलेजांचे विभाग पाडायचे, आधी विभागात भिडायचं आणि मग विभागांतून वर आलेल्यांची गाठ घालायची, हे ओघानंच आलं. सोय म्हणून त्यात वावगं काही नाही. पण सोयीसाठी मारलेली रेघ आपल्याकडे बघता बघता लायकीची रेघ होते. अमुक विभाग 'तगडा' आणि तमुक 'हलका' हे एकदा ठरलं, की ते बापाकडून मुलाकडे जातं. पुरावा कुणी मागत नाही, कारण तो कुणाकडेच नसतो.

जरा हिशेब मांडू. समजा एका विभागात ३२ संघ आहेत आणि बाद फेरी आहे. विजेता ठरायला ३१ सामने लागतात. त्यातल्या सोळा संघांचा वर्षाचा हंगाम पहिल्याच सामन्यात आटोपतो. आठ संघ दोन सामने खेळतात, चार संघ तीन. पाच सामने नशिबी येतात ते फक्त अंतिम फेरीतल्या दोघांच्या. याच ३२ संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळायचं म्हटलं तर सामने होतात ४९६. म्हणजे ४६५ जोड्यांचा निकाल मैदानावर लागतच नाही. तो टपरीवर लागतो. आणि हे झालं एकाच विभागाचं. दोन विभागांतल्या मधल्या फळीतल्या संघांची तुलना करायची तर सामन्यांचा आकडा शून्य. शून्यावर एवढा ठाम आत्मविश्वास जगात दुसरीकडे फक्त ज्योतिषाकडे सापडेल.

झालेला सामना तरी काय सांगतो, तेही पाहू. सकाळी आठची वेळ. एक संघ हजर, अकरा जण, शिवाय बदली तिघं. दुसऱ्या संघाचे सहाच जण आलेत. सातवा हार्बरवर अडकलाय. गोलकीपरची इंटर्नल आहे, तो पेपर टाकून येणार नाही, कारण आधीच दोन केट्या आहेत. हातमोजे त्याच्याच बॅगेत. जिमखाना सेक्रेटरी टेबलावर फॉर्म पसरतो. एका पोराच्या फोटोवर कॉलेजचा शिक्का नाही, दुसऱ्याच्या फॉर्मवर प्राचार्यांची सही नाही. रेफरी घड्याळ बघतो. सेक्रेटरी फोनवर ओरडतो, "अरे, कुठपर्यंत आलास?" पलीकडून उत्तर येतं, "सर, शिवडी." पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. शिट्टी वाजते. वॉकओव्हर. जिंकलेले अकरा जण घाम न गाळता ग्रुप फोटो काढतात.

असा संघ पुढे कसा सरकतो? पहिल्या फेरीत लॉटमध्ये बाय. दुसरीत वॉकओव्हर. उपांत्य फेरीत पूर्ण वेळ ०-० आणि मग टाय-ब्रेकर. अंतिम सामन्यात पाणी साचलेल्या गोलपोस्टसमोर चेंडू अडकला, कुणाचा तरी गुडघा लागला, १-०. आठवड्याभरात कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. त्यावर संस्थेचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्राचार्य, उपप्राचार्य, खाली मुंगीएवढ्या आकारात खेळाडू आणि वर ठळक अक्षरांत 'विभागीय विजेते'. आता हा संघ कितपत चांगला? असेलही उत्तम. नसेलही. फ्लेक्स बघून सांगता येणार नाही, एवढंच.

आता जरा सातासमुद्रापार जाऊ. अमेरिकेत कॉलेज खेळांची तिसरी श्रेणी आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. बहुतेक कॉलेजं लहान आहेत, पण पुरुषांच्या फुटबॉलमध्येच चारशेहून जास्त संघ आहेत. त्यांचे गट म्हणजे 'कॉन्फरन्स'. आमची कॉन्फरन्स भारी की तुमची, हा वाद तिकडेही आहे आणि तो वडाळ्यापेक्षा तसूभरही सभ्य नाही. फरक इतकाच, की तिथे एका संघाच्या वाट्याला हंगामात पंधरा-अठरा सामने येतात आणि त्यातले बरेच कॉन्फरन्सच्या बाहेरचे असतात. पुष्कळशा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा कुणाला द्यायच्या, यासाठी आकडेमोड होते.

तिकडच्या कॉलेज खेळांत वर्षानुवर्षं चाललेलं एक सूत्र आपल्या भाषेत सांगायचं तर असं: तुम्ही किती जिंकलात याला चार आणे. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात ते किती जिंकले याला आठ आणे. आणि ते ज्यांच्याशी खेळले ते किती जिंकले याला चार आणे. म्हणजे रुपयातले बारा आणे तुमच्या हातात नाहीतच, ते समोरच्याच्या ताकदीचे. लिंबूटिंबू पकडून दहा सामने जिंकलात तर शाबासकी चार आण्यांपुरतीच. तिसऱ्या श्रेणीने २०२४ च्या हंगामापासून याहून नवा 'पॉवर इंडेक्स' आणला, पण मूळ विचार तोच: किती जिंकलात हे विचारण्याआधी कुणाविरुद्ध जिंकलात ते विचारा.

या शिस्तीचा एक फायदा होतो. दबदबा सिद्ध करता येतो. ईशान्येकडच्या अकरा कॉलेजांच्या एका कॉन्फरन्समधून टफ्ट्सने २०१४ ते २०१९ या सहा हंगामांत चारदा राष्ट्रीय विजेतेपद नेलं. मधलं २०१५ चं त्याच कॉन्फरन्सच्या अ‍ॅम्हर्स्टने नेलं आणि २०२१ चं कनेक्टिकट कॉलेजने. अशा कॉन्फरन्सने कॉलर ताठ केली तर चालतं, कारण बाहेरच्यांशी खेळून ती ताठ झालीय. दुसऱ्या बाजूला पेनसिल्वेनियातलं मसाया. त्याच्या कॉन्फरन्सचा एवढा गाजावाजा नाही, पण संघ देशात ११ वेळा पहिला. गटावरून संघाची किंमत करणाऱ्यांनी हे दोन्ही दाखले एकाच पानावर लिहून ठेवावेत.

"अमेरिकेचं सोडा हो, इथलं बोला," असं कुणी म्हणेल. बोलतो. इथला दाखला क्रिकेटचा आहे, कारण मुंबईकराला दुखतं ते तिथेच.

२०१०-११ सालची रणजी. वरच्या गटाला 'एलीट' म्हणत, खालच्याला 'प्लेट'. राजस्थान प्लेटमध्ये. तिथे त्यांनी हैदराबादला अवघ्या २१ धावांत गुंडाळलं. पदार्पण करणाऱ्या दीपक चहरने १० धावांत ८ बळी घेतले. तेव्हा दादरच्या कट्ट्यावरचं मत ऐकायला कुणी जायची गरज नव्हती: प्लेटमधलं सगळंच फुकट. पुढे बाद फेरीत हेच राजस्थान मुंबईसमोर आलं आणि मुंबई उपांत्यपूर्व फेरीतूनच घरी परतली. राजस्थान तिथेही थांबलं नाही. रणजी करंडक त्यांनीच नेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेला. खालच्या गटातला संघ खालचाच असतो, या समजुतीचे त्यांनी सलग दोन वर्षं दिवस घातले.

आता नाण्याची दुसरी बाजू. २०१८-१९ च्या रणजी हंगामात बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेतले आणि बिशनसिंग बेदींचा १९७४-७५ चा ६४ बळींचा विक्रम मोडला. ते बळी त्याने प्लेट गटात घेतले, जिथे त्या वर्षी पहिल्यांदाच रणजी खेळणाऱ्या संघांची गर्दी होती. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. जग थक्क झालं, आणि व्हायलाच हवं होतं. १८९९ सालचा, इंग्लंडमधल्या कॉलिन्स या शाळकरी मुलाचा ६२८ धावांचा विक्रम मोडला गेला होता. पण त्याच सामन्यात समोरच्या शाळेचे डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले, हे फलकावर दुसऱ्या ओळीत होतं आणि दुसरी ओळ कुणी वाचत नाही. यात त्या गोलंदाजाचा किंवा त्या मुलाचा काडीचा दोष नाही. समोर येईल त्याच्याशी खेळणं हे खेळाडूचं काम, त्यांनी ते चोख केलं. दोष आकडा उचलून पळणाऱ्यांचा.

तेव्हा राजस्थान खरं की १००९ खरे? दोन्ही खरे. नुसता आकडा बघून यातला कुठला पुढे टिकेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. राजस्थानचं कळलं ते मुंबईशी गाठ पडल्यावर. विभाग ओलांडणारा एक सामना विभागात झालेल्या दहा सामन्यांहून जास्त बोलतो, तो असा.

वडाळेकराला हे समजावून सांगायला गणिताच्या मास्तरांची गरज नाही. हार्बर लाइन वडाळा रोडला फुटते, एक फाटा पनवेलकडे आणि एक गोरेगावकडे. चेंबूर आणि किंग्ज सर्कल यांना जोडणारं स्टेशन आहे, म्हणून या लाइनच्या माणसाला त्या लाइनवर जाता येतं. सांधाच काढून टाकला तर दोन्हीकडे गाड्या धावतील, पण इकडचा तिकडे पोचणार नाही. विभागांतल्या क्रमवारीचंही तेच. दोन विभागांना सांधणारे सामने नसतील तर कितीही हुशार सूत्र लावा, ठाण्यातला पहिला आणि मुंबईतला पहिला यांची तुलना होऊच शकत नाही. संगणक आकडा देईल. संगणक काय, मागाल तो आकडा देतो.

मुळात 'संघ' म्हणजे काय, याचाही आता घोळ झालाय. विद्यापीठांच्या स्पर्धा भरवते ती १९२५ साली स्थापन झालेली भारतीय विद्यापीठांची संघटना. देशाचे चार विभाग, प्रत्येक विभागातून चार संघ, असे सोळा संघ अखिल भारतीय फेरीत जातात. पश्चिम विभागात एकीकडे मुंबई विद्यापीठ, ज्याचा संघ सात जिल्ह्यांच्या शेकडो कॉलेजांतून चाळून निघतो. दुसरीकडे वडाळ्याच्या शेजारची माटुंग्याची आयसीटी. एकच संस्था, पण २००८ पासून अभिमत विद्यापीठ. म्हणजे कागदावर ती मुंबई विद्यापीठाच्या बरोबरीची. २०१९ साली एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम मुंबई विद्यापीठातून निघून होमी भाभा राज्य विद्यापीठात गेले. २०२० साली के. सी. आणि एच. आर. यांचं एचएसएनसी विद्यापीठ झालं. कालपर्यंत ज्या कॉलेजला आपल्या विभागातून वर येण्यासाठी घाम गाळावा लागायचा, ते आज नियमाने थेट विद्यापीठाच्या दारात उभं राहू शकतं. जुन्या विद्यापीठातच मागे राहिलेल्या एखाद्या चांगल्या कॉलेजचा स्ट्रायकर तीन सामने खेळून घरी बसतो. पाटी बदलली, की खेळाडू न बदलता इयत्ता बदलते.

आणि पश्चिम विभाग म्हणजे फक्त मुंबईचं अंगण नव्हे. तिथे गोवा विद्यापीठ आहे, जिथे गावच्या चर्चसमोरच्या मैदानावर पोरगं चालायला लागायच्या आधी लाथ मारायला शिकतं. तिथे कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबचा सामना असला की पेठा ओस पडतात. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. मुंबईच्या विभागांत कोण तगडा आणि कोण हलका यावर आपण गळे काढतो, त्या वेळी कोल्हापूरकर एवढंच विचारत असेल, "मुंबईत फुटबॉल अजून हाय व्हय?"

यावर उतारा म्हणून उद्या कुणी कॉलेजांची क्रमवारी काढेलच. एखादं अ‍ॅप येईल, गुण येतील, बाण वर-खाली होतील. त्यांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. क्रमवारी आली की तिला फसवण्याची कलाही येते. पोलंडने २०१८ च्या विश्वचषकाच्या सोडतीआधी मैत्रीपूर्ण सामने जवळजवळ टाळलेच, कारण ते खेळून 'फिफा'च्या त्या वेळच्या सूत्रात सरासरी घसरण्याचा धोका होता. युक्ती फळली. सोडतीत ते पहिल्या रांगेत बसले. प्रत्यक्ष विश्वचषकात गटात चौथे, म्हणजे शेवटचे आले. 'फिफा'ने त्याच वर्षी सूत्र बदललं. न खेळून वर राहता येतं, हा शोध आपल्याकडच्या जिमखान्यांना लागायला वेळ लागणार नाही. काहींना तो लागूनही झालाय, फक्त अजून क्रमवारी नाही म्हणून त्याचा उपयोग होत नाहीये.

हे सगळं मुंबईला कळत नाही असं नाही. १९४८ पासून चाललेली क्रिकेटची कांगा लीग आठवा. सात विभाग, 'ए'पासून 'जी'पर्यंत. वर चढायचं तर जिंकून, खाली उतरायचं तर हरून. कुणाचा विभाग भारी यावर तिथे वाद होत नाही, कारण भारी असाल तर पुढच्या वर्षी वर दिसता. मुंबईच्या फुटबॉलमध्येही १९०२ साली हार्वूड लीग सुरू झाली, तेव्हा 'लीग' ही चीज इथे नवी नाही. नवं काही असेल तर ते एवढंच, की ती कॉलेजच्या पोरांनाही द्यावी हे सुचणं. व्हीजेटीआयचा 'एन्थुझिया', आयसीटीचा 'स्पोर्टसागा', पवईच्या आयआयटीचा 'आव्हान', अशा क्रीडा महोत्सवांत इकडची तिकडची कॉलेजं एकमेकांना भिडतात. खरे सांधणारे सामने असतील तर तेच. पण ते फोटोत जमा होतात, हिशेबात नाही.

डॉ. आंबेडकर कॉलेज, एसआयडब्ल्यूएस, विद्यालंकार, पुढे खालसा, व्हीजेटीआय, रुईया, पोदार. वडाळा-माटुंग्याच्या एका फेरफटक्यात एवढी कॉलेजं पायाखालून जातात. शनिवारी सकाळी यांची आपसात लीग लावायला ना तुतारी एक्सप्रेस लागते ना विद्यापीठाची परवानगी. लागतं एक मैदान, एक रेफरी आणि हरण्याची तयारी. तिसरी गोष्ट सर्वांत महाग.

तेव्हा आमचा निकाल असा. कुठला विभाग तगडा आणि कुठला हलका, हे आज कुणालाच माहीत नाही. जो माहीत आहे म्हणतो तो एकतर माजी खेळाडू आहे किंवा आजी खजिनदार. वीस वर्षांच्या पोराला वर्षात एक सामना देऊन त्याच्या कॉलेजची लायकी ठरवणं हा शुद्ध आळस आहे, त्याला परंपरा म्हणू नये.

जिमखान्याच्या सरांना आणि सेक्रेटरींना एक विनंती. या हंगामात पहिल्या फेरीत बाद झालात, तर किट कपाटात टाकू नका. दुसऱ्या विभागात पहिल्याच फेरीत बाद झालेलं एक कॉलेज शोधा, पत्र पाठवा, मैदानाचं भाडं निम्मं-निम्मं करा आणि नव्वद मिनिटं खेळा. निकाल तारखेसकट नोटीस बोर्डावर लावा. वॉकओव्हर असेल तर वॉकओव्हर लिहा, हरलात तर हरलो लिहा. असे पन्नास कागद जमले, की मग खुशाल क्रमवारी काढा. आम्ही वाचू.